दुसरं मोरपीस

प्रिय बाबा,

शुभाताईने हे छापून तुमच्या हातात दिलं असेल. फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येत नाही, आणि जे ऐकू येतं त्यावर "बरं बरं" म्हणून तुम्ही फोन ताईकडे देता. शिवाय फोनवर मी ओरडले असते. म्हणून लिहितेय. चष्मा लावा, खुर्चीत बसा. ब्लडप्रेशरची गोळी राहिली असेल तर आधी ती घ्या.

इथे थंडी सुरू झाली. निहार रजा काढून घरी आहे, अन्वीही शाळेत जात नाहीये. तुम्ही परत गेल्यापासून ती तुमच्याच पलंगावर झोपते. आमच्याशी जर्मन, पण तुमच्या उशीशी मात्र मराठी बोलते.

तुम्हाला आणि अन्वीला मी माझ्या म्युझियममध्ये घेऊन गेले होते तो दिवस आठवतोय? पक्ष्यांचं दालन दुरुस्तीसाठी बंद होतं. कपाटांच्या काचा काढलेल्या आणि भुसा भरलेले सगळे पक्षी टेबलांवर मांडलेले. गरुडाची मान चुकीची बसवलीय, असं तुम्ही माझ्या बॉसला मराठीत सुनावलंत. चित्रकलेचे सर ना! तो बिचारा "गेनाऊ, गेनाऊ" करत होकार देत राहिला. अन्वी तेवढी मोरापाशी खिळली होती. मी तुम्हाला बजावलं, हात लावू नका, धूळ आहे. मग फोन आला म्हणून बाहेर गेले.

बाबा, ती नुसती धूळ नव्हती. जुन्या काळी कीड लागू नये म्हणून पक्ष्यांच्या कातड्याला आतून सोमल चोळत असत. सोमल म्हणजे विषच. ते पिसांवरही उतरतं, म्हणून तर मी हातमोजे आणि मास्क घालून काम करते. हे तुम्हाला सांगितलं असतं तर नोकरी सोड म्हणून तुम्ही माझं डोकं खाल्लं असतं. म्हणून मी फक्त धूळ म्हणाले.

तुम्ही गेलात आणि अन्वीचं पोट दुखायला लागलं. आम्हाला वाटलं, आजोबा परत गेल्याचं दुखणं असेल. जेवेना, सारखी मळमळ. मग एका सकाळी देव पुसताना बाळकृष्णाच्या मुकुटामागे मोरपीस दिसलं. देठाला लाल दोरा, शेवटची गाठ आत दडवलेली. ब्रशची मूठ तशी गुंडाळणारा माणूस आपल्या घरात एकच आहे. तरी अन्वीचं एकच पालुपद, मी घेतलं, मी एकटीनेच घेतलं.

त्याच दिवशी डॉक्टरांकडे गेलो. तिच्या लघवीत सोमल निघाला. डॉक्टरीणबाई शांत होत्या, म्हणाल्या, वस्तू घरातून गेली की आकडा आपोआप उतरेल. मी पीस पिशवीत बंद करून म्युझियममध्ये परत दिलं, बॉसला सगळं सांगितलं. त्याने मोराचा जुना फोटो काढला आणि आम्ही तो मोराशेजारी धरून पाहिला. पिसाऱ्यातली दोन पिसं कमी आहेत, बाबा.

काल दुसरी तपासणी झाली. आकडा उतरला नाही, वाढलाय. म्हणजे दुसरं पीस या घरातच आहे आणि ती त्याला रोज हात लावतेय.

आम्ही गाद्या उसवल्या, खेळणी ओतली, तळघरातली खोकीसुद्धा उघडली. मी ओरडले. निहारने समजावलं. ती ओठ घट्ट मिटून बसून राहते. आज सकाळी माझं लक्ष तिच्या पेन्सिलींकडे गेलं. सगळ्या झिजून बोटाएवढ्या झाल्या आहेत आणि कीस कुठेच दिसत नाही. तेव्हा आठवलं. मी तिच्याएवढी असताना तुम्हीच मला मोरपीस वहीत ठेवायला दिलं होतंत. रोज पेन्सिलीचा कीस खाऊ घाल, पिल्लू होईल, म्हणून. मी किती दिवस वाट पाहिली होती! तीच वाट आता ही पाहतेय. घरातलं प्रत्येक पुस्तक झटकलं, बाबा. सापडत नाही.

दुपारी तिला मांडीवर घेतलं, तेव्हा ती रडत रडत एवढंच बोलली, "डान श्टिर्ब्ट आजोबा." सांगितलं तर आजोबा मरतील. तुम्ही तिला शपथ घातलीत ना? आईला सांगायचं नाही, माझी शपथ आहे? आपण हे दिवसातून दहादा म्हणतो आणि विसरतो. तिच्या जर्मन शाळेत कोणी कोणाला शपथ घालत नाही. तिला ती खरी वाटते. त्यात तुमच्या अँजिओप्लास्टीच्या वेळी तिने आम्हाला रडताना पाहिलंय. शपथेने काही होत नाही, हे मी शंभरदा सांगितलं. पण ज्याने घातली त्यानेच ती सोडवायची असते, हेही तुम्हीच तिला शिकवलंय.

मला रागवायचं नाहीये. रागावून झालंय, तुमच्यावर आणि त्याहून जास्त माझ्यावर. तुम्ही आता रडत बसू नका, त्याला वेळ नाही. ताईला लगेच व्हिडिओ कॉल लावायला सांगा. अन्वी माझ्या शेजारीच बसलीय, फोन तिच्याच हातात आहे. तुमचा चेहरा तिला नीट दिसू दे, हसरा दिसू दे. आणि मोठ्याने म्हणा, शपथ सुटली. तुम्ही जगावं म्हणून गप्प बसलीय हो ती.

वाट पाहतेय,
तुमचीच
ज्ञानदा