नैऋत्येची कमान

प्रिय ठमे,

काल तुझा फोन आला तेव्हा मी बागेत नव्हतो. पलंगावरच बसलो होतो आणि ‘बागेत गेलोय म्हणून सांग’ असं तुझ्या आईला हातानं खुणावत होतो. तिनं सांगितलं खरं, पण फोन ठेवल्यावर तुझा शब्दन् शब्द मला ऐकवला. तेव्हापासून चार कागद फाडले. हा पाचवा फाटायच्या आत टपालात पडला म्हणजे मिळवली.

ते जुनं प्रार्थनास्थळ आईला कधीपासून पाहायचं होतं. मी दर वेळी काही ना काही कारण काढायचो. या खेपेला तिनं मला न विचारताच तिकिटं काढली. आत पाऊल टाकल्याबरोबर ती गप्पच झाली. आई आणि गप्प, म्हणजे बघ! खाली चौकोनी दालन, मध्ये एकही खांब नाही. चार कोपऱ्यांत चार तिरप्या कमानी टाकून बांधणाऱ्यांनी चौकोनाचा अष्टकोन केलाय, अष्टकोनाच्या सोळा बाजू केल्यात आणि त्यावर तो प्रचंड घुमट अलगद ठेवलाय. घुमटाच्या बुडाशी बारीक खिडक्यांची माळ आहे. तिच्यातून ऊन आत येतं तेव्हा घुमट भिंतींना टेकलेलाच नाही असं वाटतं. “अहो, मग एवढं ओझं जातं कुठं?” आईनं विचारलं. मी हातवारे करकरून सांगत सुटलो. दगडांवरच्या पाथरवटांच्या खुणा दाखवल्या, कुणाचा मासा, कुणाचा बाण. तीन कोपरे दाखवले. चौथ्याकडे, नैऋत्येच्या कोपऱ्याकडे, मी पाहतच नव्हतो.

आईच तिकडे बोट दाखवून म्हणाली, “त्या कमानीवर कोळ्याचं जाळं आहे का हो?”

जाळं नव्हतं. तडा होता, बोट जाईल एवढा. खाली फरशीवर पांढरी भुकटी पडली होती आणि तिच्यापासून हातभर अंतरावर दहा-बारा बायका डोळे मिटून बसल्या होत्या. मी रखवालदाराला भुकटी दाखवली. तो म्हणाला, “रोज पडते साहेब. रोज झाडतो.” मी त्या बायकांकडे वळलो. पुढे मी काय ओरडलो ते मला आठवत नाही. आई म्हणते, सगळं दालन माझ्याकडे वेड्याकडे पाहावं तसं पाहत होतं. पण माणसं बाहेर पडली. मी तुमच्या पुरातत्त्वाच्या ऑफिसला, म्हणजे माझ्याच जुन्या ऑफिसला, फोन लावला, संध्याकाळी कुलूप पडलं. चौथ्या दिवशी टेकू लावताना त्याच कमानीतला दगड निखळला आणि फरशी फोडून रुतून बसला, हे तुला माहीतच आहे. पेपरात माझा फोटो आला. ‘बाबा, तुमच्या नजरेमुळे माणसं वाचली,’ असं तू म्हणालीस. त्या दिवसापासून तुझा फोन आला की मी आईच्या हाती देतो.

अकरा वर्षांपूर्वी ती कमान तपासायला मलाच पाठवलं होतं. परांची बांधून तयार होती, साठ फूट. त्याच्या आधीच्याच महिन्यात तू ज्याला उंचकाका म्हणायचीस तो माझा सहकारी दुसऱ्या एका कामावर माझ्या डोळ्यांदेखत खाली पडला होता. मी तिसऱ्या पायरीवर पाय ठेवला आणि तिथूनच खाली उतरलो. शिडी धरून आपल्या ऑफिसातला नकाशे काढणारा ड्राफ्ट्समन उभा होता. तो हळूच म्हणाला, “साहेब, उद्या चढू.” मी दुपारपर्यंत जीपमध्ये बसून राहिलो आणि तिथंच लिहिलं: वर चढून, हात लावून पाहणी केली, तडा वरवरचा आहे. तो ‘उद्या’ काही उजाडला नाही. तो कुणाकडे एक शब्द बोलला नाही.

काल तू आईला सांगितलंस, की तो जुना अहवाल तुझ्या हाती लागला. ‘बाबांनी न पाहता सही करणं शक्यच नाही. सहीचा शिक्का ड्राफ्ट्समनकडे असायचा, तेव्हा खोटी सही त्यानंच ठोकली,’ असं तू चौकशी समितीला लिहून दिलंस आणि त्याला घरी बसवलं. त्यानं अजूनही तोंड उघडलेलं नाही. ठमे, सही माझी आहे. माझ्याच हातची, माझ्याच पेनाची. समितीला तसं पत्र आजच्याच टपालानं जातंय. पण तुला ते त्यांच्या तोंडून कळू नये म्हणून हे लिहितोय. तुझा अर्ज मागे घे आणि कृपा करून माझी बाजू मांडू नकोस. शुक्रवारच्या गाडीनं मी तिकडे येतोय. स्टेशनवर येऊ नकोस, मी आधी त्याच्या घरी जाणार आहे. तिथून तुझ्याकडे यावं की परस्पर परतावं, ते तू आईला कळव. मला विचारायचा धीर होत नाही.

तुझाच, अजूनही,
बाबा