पिठीची वाटी

आबा, आज मी केक केला. तुम्हाला केक माहीत होता तो बेकरीच्या काचेआडचा, वर गुलाबी फुलं असलेला, आणि तोही तुम्ही कधी खाल्ला नाही. हा तसा नाही. ज्वारीचं पीठ, कोको, खवलेला नारळ, नारळाचं दूध, साल काळी पडलेली दोन केळी, गूळ, तेल, सोडा, लिंबू. गहू नाही, दूध नाही, लोणी नाही. ओट्यावर जाळीवर तो निवतो आहे. रंग चांगला आला आहे, मध्ये खचलेला नाही. मी त्याच्याकडे पाठ करून टेबलाशी बसलो आहे आणि मला भीती वाटते आहे.

तुम्ही गेलात तेव्हा माझी मुलगी रांगत होती. ती आता जळगावला असते. तिची मुलगी आज सात वर्षांची झाली. ही नात तुम्हाला चालली नसती असं म्हणणार होतो, पण ते खोटं आहे. तिच्यापुढे तुम्हीच चालला नसता. जन्मभर गिरणीत, गव्हाच्या पिठात उभा राहिलेला माणूस. तुमच्या भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर, सदऱ्याच्या शिवणीत जे पीठ असायचं, तेवढं तिच्या पोटात गेलं तर तिचं आतडं सुजतं. गहू, रवा, मैदा, शेवया, काही नाही. दूध वेगळं, तेही नाही. डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं, थोडं चालेल असं यात काही नसतं. मी चाळीस वर्षं मराठी शिकवलं, पण ‘थोडं’ या शब्दाचा मला इतका धसका कधी नव्हता.

गेल्या आखाजीच्या सणाला त्या दोघी इथे देवपूरला आल्या होत्या. मी वरण-भात केला. साधा, तुपाशिवाय. पोळपाट बाजूला, तवा बाजूला, सगळं घासलेलं. नात दोनदा भात मागून जेवली. संध्याकाळी तिचं पोट दुखायला लागलं, मग उलट्या, मग रात्रभर दवाखान्यात सलाईन. मुलगी सकाळी घरी आली ती सरळ स्वयंपाकघरात गेली. एकेक डबा उघडून वाचत राहिली. शेवटी हिंगाची डबी उजेडात धरून तिने मोठ्याने वाचलं. त्यात गव्हाचं पीठ होतं. वरणात मी चिमूटभर हिंग टाकला होता. एवढ्याने झालं की आणखी कशाने, ते डॉक्टरांनाही नक्की सांगता आलं नाही. मुलगी रागावली नाही. डबी ओट्यावर ठेवत म्हणाली, “बाबा, तुमची चूक नाही.” त्यानंतर ती येते तेव्हा नातीचं जेवण जळगावहून घेऊन येते. ताट, चमचा, पाण्याची बाटली, सगळं. माझ्या घरात माझी नात पाहुण्यासारखी डबा उघडून जेवते आणि मी समोर बसून बघतो.

या वर्षी तिनेच विचारलं. “बाबा, केक कराल? घरी ज्वारीचा करते तसाच. लिहून देते.” आणि पुढे, “हे तिला सोसलं तर उन्हाळ्यात आठ दिवस ठेवते तुमच्याकडे.” आठ दिवस, आबा. मी तीन महिन्यांत चार केक केले आणि एकट्याने खाल्ले. पहिला विटेसारखा झाला. ज्वारीला चिकटपणा नसतो हे मला वेगळं शिकायला नको होतं. तुम्ही गिरणीत बायकांना सांगायचात, “ताजं पीठ ली जा, शिळं व्हयनं का विरी जास.” विरी गेलेल्या पिठाची भाकरी थापताना कडेने फाटते, केकही तसाच फाटतो. मग मी घरघंटी आणली. तिच्यात ज्वारीशिवाय काही दळत नाही. पोळ्या करायला बाई येतात, त्या एकदा त्या घरघंटीवर गव्हाचा डबा टेकवायला गेल्या तेव्हा मी ओरडलो. बाई डबा छातीशी धरून म्हणाल्या, “सर, तुमनी नातले मन्हा गहूना इतला काय राग शे?” मी समजावलं. त्या ऐकत होत्या, पण त्यांच्या चेहऱ्यावर तेच होतं जे अक्कांच्या वेळी रांगेतल्या बायकांच्या चेहऱ्यावर असायचं.

अक्का तुम्हाला आठवतील. निवृत्त शिक्षिका, एकट्या राहायच्या, एकादशी मोडायच्या नाहीत. दशमीला दुपारी राजगिरा आणि भगर घेऊन गिरणीत येत. उपासाच्या पिठाला गव्हाचा कण लागला तर उपास मोडला, एवढा त्यांचा साधा हिशेब. म्हणून दशमीला तुम्ही गिरणी थांबवायचात. दगड उघडायचा, कुंच्याने झाडायचा, पीठ पडतं ती कापडी पिशवी उलटी करून भिंतीवर आपटायची. मग अक्कांच्याच राजगिऱ्यातली एक मूठ दळायची, ते पीठ गायीला, आणि त्यानंतरचं अक्कांना. तेवढा वेळ रांग खोळंबायची. एक बाई दर वेळी म्हणायची, “अक्काना देव पीठ चाळीसन खास का काय?” सगळ्या हसायच्या. अक्काही हसायच्या, पण जागच्या हलायच्या नाहीत. पिशवी आपटल्याचा आवाज ऐकल्याशिवाय त्यांनी कधी डबा पुढे केला नाही.

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. सुट्टीत दुपारी तुम्ही जेवायला घरी जायचात आणि गिरणी मी बघायचो. त्या दशमीला तुम्ही जाताना सांगून गेलात, “अक्का येतीन. जातं झाडी ठेव.” तुम्ही परत आलात तेव्हा अक्का बाकावर बसल्या होत्या, त्यांचं पीठ पडायला सुरुवात झाली होती. आज मला ते दृश्य इतकं स्वच्छ दिसतं की मी त्यात हात घालू शकेन. तुम्ही टोपी खुंटीला लावता. वाकून पडत्या पिठाखाली हात धरता. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यात पीठ चोळता, जसं दिवसातून शंभरदा चोळायचात. दळण जाड की बारीक, ओलं की कोरडं, ज्वारी की गहू, तुमच्या बोटांना डोळे मिटून कळायचं. तुमचं बोट थांबतं. परत चोळता. माझ्याकडे बघता आणि पट्ट्याच्या आवाजातून विचारता, “झाडेल शे ना रे?” मग वळून अक्कांना सांगता, “बिनघोर जा अक्का. पोऱ्यानं झाडलंय.” अक्का डब्याचं झाकण लावतात, माझ्या डोक्यावर हात ठेवतात आणि उन्हात निघून जातात.

आज मी पोळीवाल्या बाईंना येऊ नका म्हटलं होतं. सकाळीच पोळपाट, लाटणं, तवा, गव्हाचा डबा मागच्या बाल्कनीत नेऊन ठेवला. ओटा तीन वेळा पुसला. फडकं नवं. ज्वारीचं पीठ एका स्टीलच्या वाटीत वेगळं काढून ठेवलं, कारण केकच्या भांड्याला आतून तेल लावून वर पिठाचा पातळ थर द्यावा लागतो, नाहीतर केक सुटत नाही. सगळं कालवून झालं होतं. भांड्याला खोबरेल लावलं आणि फोन वाजला. मुलगी म्हणाली, “निघतोय बाबा.” मागून नात ओरडली, “आजोबा, माझ्या केकला गव्हाचे हात नाही ना लावले?” मी फोन खांद्याने कानाशी दाबून धरला होता. म्हटलं, “नाही गं, ज्वारीचे हात आहेत माझे.” ती हसली. मीही हसत होतो. हसता हसता माझ्या हाताने कुठूनतरी चिमूटभर पीठ घेतलं, भांड्यात भुरभुरवलं, भांडं गोल फिरवून झटकलं. हाताने केलं ते मी बघितलं नाही.

केक बाहेर काढला, भांडं उलटं केलं, तो अलगद सुटला. मला इतका आनंद झाला की मी लगेच सगळी भांडी घासून टाकली, पालथी घातली. मग ज्वारीचा डबा फळीवर ठेवायला गेलो तर फळीवर, सकाळी ठेवली होती तिथेच, ज्वारीच्या पिठाची वाटी. भरलेली. वरचं पीठ सपाट, बोटाची खूणही नाही.

तर मग मी पीठ कुठलं घेतलं? ज्वारीच्या डब्यातून थेट घेतलं असेल. तो उघडाच होता. असेल. पण बाई पोळ्या लाटताना गव्हाची कोरडी पिठी एका वाटीत काढून ठेवतात, आणि ती वाटी कायम ओट्याच्या उजव्या कोपऱ्यात असते, जिथे माझा हात पोचतो. मी बाल्कनीत गेलो. पोळपाट होता, लाटणं होतं, तवा होता, डबा होता. पिठीची वाटी नव्हती; ओटा पुसताना ती उचलून परत तिथेच ठेवली असेल. आत आलो. घासलेल्या भांड्यांत चार वाट्या पालथ्या होत्या, चारही सारख्या, चारही चकचकीत. त्यातली एक पिठीची होती का, आणि मी ती घासली तेव्हा ती आधीच रिकामी होती का, मला आठवत नाही. मी केक तिरपा करून पाहिला. बुडाला एके ठिकाणी पिठाचा फिकट डाग राहिला आहे. तो नखाने खरवडला आणि अंगठा आणि बोटात चोळला. तेल, कोको आणि काहीतरी. मला काही कळलं नाही. आबा, मी तुमचा मुलगा, आणि मला गहू आणि ज्वारी बोटाला कळली नाही.

मी तसाच उभा होतो तेव्हा फोन आला. मुलगी पारोळ्याला पोचली होती, म्हणजे पाऊण तास. “बाबा, झाला?” म्हटलं, “झाला. सुरेख सुटला.” “सगळं नक्की ना?” तिच्या आवाजात शंका नव्हती. नुसतं विचारायचं म्हणून विचारलं होतं. मी म्हणालो, “हो. नक्की.”

ते म्हणून झाल्यावर मी हे लिहायला बसलो. वीस मिनिटं झाली असतील. मनात एक माणूस सारखा बोलतो आहे: डब्यातूनच घेतलं असशील, घेतलं नसशील तरी चिमूटभर, तेही झटकलेलं, बुडाचा थर कापून टाक, वरचा दे, आठ दिवस, आठ दिवस. हा माणूस फार समजूतदार बोलतो, मला त्याची सवय आहे. आणि दुसरीकडे मला नात दवाखान्याच्या खाटेवर दिसते, गुडघे पोटाशी घेतलेली, सुई लावलेला हात उशीवर वेगळा ठेवलेला, जणू तो तिचा नाहीच. ती रडत नव्हती. मला विचारत होती, “आजोबा, तुम्हाला माहीत होतं का?” तेव्हा मी ‘नाही’ म्हणू शकलो, कारण खरंच माहीत नव्हतं. आज तिने विचारलं तर माझ्याकडे तेही नाही.

आत्ता मध्येच उठलो होतो. केक ओल्या कचऱ्याच्या बादलीत टाकला आणि वरून पाणी ओतलं. कापून बाजूला ठेवला असता तर ती दारात येईपर्यंत मी परत जाळीवर ठेवला असता. मला माझी खात्री नाही, म्हणून पाणी. घरात अजून वास आहे, नारळाचा आणि कोकोचा. नात जिना चढतानाच ओरडेल. म्हणून मी खाली फाटकाशी जाऊन उभा राहणार आहे, वास येण्याआधी सांगायला. फोनवर हो म्हणालो तेही सांगणार. मुलगी काय म्हणेल मला माहीत नाही. कदाचित परत “तुमची चूक नाही” म्हणेल, आणि ते मला सगळ्यात जड जाईल. सुट्टीतले आठ दिवस गेले असं धरून चालतो.

हे पत्र मी कुठे टाकणार! घडी करून ज्वारीच्या डब्याखाली ठेवीन. पण तुम्हाला एक सांगायचं राहिलं आहे. त्या दशमीला मी जातं झाडलं नव्हतं. हातात पुस्तक होतं, शेवटची चार पानं राहिली होती, आणि अक्कांच्या देवाचं मलाही हसू यायचं. अक्का आल्या तेव्हा मी नुसती पिशवी भिंतीवर आपटली, त्यांना आवाज ऐकू जावा म्हणून. तुमच्या बोटांना कळलं होतं. म्हणूनच ती थांबली आणि म्हणूनच तुम्ही विचारलंत. मी मान वर करून तुमच्या डोळ्यांत बघत म्हणालो, “हा आबा, झाडेल शे.” आणि तुम्ही बोटांवरचं पीठ धोतराला पुसून टाकलंत.