आत्याचा पाळणा विकण्याबाबत

डिंडोली, सुरत

तीर्थस्वरूप गं. भा. भागीरथीआत्यास,

भाचा निंबा याचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (डोकं पारोळ्यापर्यंत पोचत नाही, तरी पोचलं असं समजावं.) इकडे सगळे खुशाल आहेत. रंजनाचा गुडघा, सौरभची नोकरी आणि माझं दुकान ही तिन्ही होती तशीच आहेत, म्हणजे चालतात, पण आवाज करतात. तुझा मोतीबिंदू पिकला की अजून डॉक्टर पुढची तारीखच देतोय, ते कळव. फोनवर तू ‘मोठ्याने बोल’ यापलीकडे जात नाहीस आणि मी मोठ्याने बोललो की ‘ओरडतोस काय’ म्हणतेस, म्हणून हे पत्र. दत्तूच्या हाती पाठवतोय. तो आता सुरत-पारोळा गाडीवर ड्रायव्हर आहे आणि टपालापेक्षा लवकर पोचतो, कारण टपालखात्याला हॉर्न नाही. वाचून दाखवायला शेजारच्या उषाबाई आहेतच. त्यांना माझी विनंती की कंसातला मजकूर त्यांनी मनातल्या मनात वाचावा, तो त्यांच्यासाठी आहे. (पहिला कंस वाचून झाला असेल तर हरकत नाही, त्यात विशेष काही नव्हतं.)

सुनेला मुलगी झाली हे सौरभने कळवलंच आहे. अर्चनाची तब्येत चांगली आहे. मुलगी दिवसा झोपते, कोणाकडे बघत नाही, आणि भूक लागली की आमच्या खालच्या मजल्यावरचे साडीवाले ‘शुं थयुं’ विचारायला वर येतात. येत्या रविवारी बारसं आहे. तू निरोप धाडलास की बारसं होऊन जाऊ दे, मग केव्हातरी येईन आणि लांबून बघून जाईन. त्यावर मी काही बोलत नाही. हे पत्र पाळण्याबद्दल आहे.

(उषाबाई, तुम्ही गल्लीत नंतर राहायला आलात, म्हणून सांगतो. आत्याचं लग्न झालं त्याच वर्षी आतोबांनी सागवानी पाळणा करून आणला. हौशी माणूस. मूल जन्मायच्या आधी पाळणा घरात आणू नये हे त्यांना सगळ्या गल्लीने सांगितलं, पण पाळणा आणून झाल्यावर सांगितलं. पुढे मूल झालं नाही. डॉक्टर काहीही म्हणोत, गल्लीने ठपका पाळण्यावर ठेवला आणि पाळणा माळ्यावर गेला. आत्या तेव्हापासून कोणाच्याही बारशाला पाळण्याजवळ जात नाही, स्वयंपाकघरात पुऱ्या लाटते. तिच्या पुऱ्या चांगल्या होतात, म्हणून कोणी तिला बाहेरही बोलावलं नाही.)

तर दिवाळीनंतर तू माळा रिकामा केलास आणि पाळणा माझ्याकडे धाडलास. विकून टाक आणि कोणाचा ते कोणाला सांगू नको, असा तुझा हुकूम. गाडीवाल्याने तो डिंडोलीला न उतरवता कडोदऱ्याला हायवेवर उतरवला, कारण तिथे त्याला चहा प्यायचा होता. मी पोचेपर्यंत पाळण्यात कोणीतरी कांद्याची गोणी ठेवून दिली होती. ती कोणाची हे शेवटपर्यंत कळलं नाही. कांदे चांगले निघाले.

मागे तू विचारलं होतंस की लोकांची जुनी लाकडं विकत घेतं कोण. मार्केटातली कारकुनी सोडून मी हे दुकान टाकलं तेव्हा मलाही हा प्रश्न होता. त्याचं असं आहे. रांदेरला, गोपीपुऱ्यात लोक जुनी घरं सोडून वेसूच्या फ्लॅटमध्ये जातात. तिथे लिफ्टमध्ये कपाट मावत नाही, म्हणून ते मला देऊन टाकतात. वर्ष-दोन वर्षं फ्लॅटमध्ये राहिले की त्यांना घर मोकळं मोकळं वाटायला लागतं, मग ते माझ्याकडे येऊन तशाच कपाटाची चौकशी करतात. आता त्याला ते व्हिंटेज म्हणतात आणि जिन्याने चढवतात. मागच्या महिन्यात एक बाई तिच्याच सासूचा आरसा माझ्याकडून घेऊन गेली. घरी गेल्यावर सासूने ओळखला. तेव्हापासून सासू माझ्याकडे गिऱ्हाईकं पाठवते, सुनेचं मात्र तोंड दिसत नाही.

पाळण्याला मी महिनाभर हात लावला नाही. मग काचकागद घेऊन बसलो. वरचा हिरवा ऑइलपेंट काढला तर खाली गुलाबी, गुलाबीच्या खाली आकाशी, आकाशीच्या खाली पुन्हा हिरवा, आणि मग कुठे सागवान. माळ्यावर पडलेल्या पाळण्याला दर थोड्या वर्षांनी कोणी रंग देतं का, असं रंजनाने विचारलं. मी म्हटलं, आत्याला दारं-खिडक्यांचा उरलेला रंग वाया घालवायला आवडत नाही. (आत्याच्या घराच्या दारा-खिडक्यांना गुलाबी रंग कधी होता का, उषाबाई? मला तरी आठवत नाही.) सांधे ढिले झाले होते ते आवळले, कड्या उजळल्या, लाखेचं पॉलिश हाताने चढवलं, आणि दुकानात दर्शनी जागी टांगला.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते कॅफे सजवणारं. भेस्तानजवळ कोणाच्या तरी बंद कारखान्यात कॅफे होतोय, तिथे पाळण्यात मनीप्लांट लावायचे होते. ते गृहस्थ पाळण्याभोवती दोनदा फिरले आणि हळहळले. असा नको, म्हणाले, रंगाचे पोपडे निघालेला हवा होता. पोपडे मी कोपऱ्यात झाडून ठेवले होते ते दाखवले, पण ते परत लावता येणार नाहीत हे त्यांनाही पटलं.

बाकी सगळी गिऱ्हाईकं पोराबाळांसाठी आलेली. गुजराती येवोत, आपले खानदेशी येवोत, की बँकेतल्या साहेबांच्या बायका येवोत, पाळण्याला हात लावण्याआधी सगळ्यांचा प्रश्न एकच. कोणाच्या घरचा, आणि यात किती पोरं वाढली? पलंगाबद्दल असं कोणी विचारत नाही. आरामखुर्चीत कोण गेलं याची चौकशी करायला हवी, तीही कोणी करत नाही. पाळण्याचं मात्र कूळ लागतं. भरल्या घरचा असला तर वाटेल ती किंमत द्यायला तयार, नाहीतर फुकटसुद्धा नको. तू कोणाचा ते सांगू नको म्हणालीस, म्हणून मी गप्प बसायचो, आणि माझ्या गप्प बसण्याचा लोक बरोबर अर्थ काढून निघून जायचे.

शेवटी मी घरात विषय काढला, की पाळणा दुकानात आहेच तर आपल्याच नातीला का नको? सौरभ ऑनलाइन एक मागवत होता, तो विजेवर आपोआप हलतो आणि गाणी म्हणतो. रंजनाने मला आतल्या खोलीत बोलावून सांगितलं की आत्यांबद्दल मला काही म्हणायचं नाही, पण ज्या घरात पाळणा कधी हलला नाही तिथला पाळणा माझ्या नातीला नको. (हे वाक्य गाळा, उषाबाई. तोंडून निघून गेलं असेल तर खोकला आल्यासारखं करा.) ती वाईट बाई नाही हे तुला माहीत आहे. तिला भीती वाटते. मलाही थोडी वाटली, खोटं कशाला सांगू.

खोटं मी मंगलाबाईंना सांगितलं. त्या दुकानात आल्या पुतणीसाठी पाळणा बघायला. मला ओळखत नव्हत्या, मीही त्यांना ओळखलं नाही. पाळण्यासमोर उभ्या राहून त्यांनी विचारलं, ‘हाऊ पायना कोना शे?’ आणि मी इतक्या गिऱ्हाइकांना कंटाळलो होतो की बोलून गेलो, पारोळ्याच्या राघो पाटलांचा, खटल्याचं घर, पाच मुलगे आणि तीन मुली यातच वाढल्या. आता सुरतेत आपली एवढी माणसं असताना गावाचं नाव घेण्यात काय धोका आहे हे मला कळायला हवं होतं. मुंबईत असं खोटं खपून जातं. डिंडोलीत समोरचा माणूस त्याच गल्लीतला निघतो. मंगलाबाई राघो पाटलांच्या सख्ख्या वहिनी निघाल्या. राघोभाऊंची सगळी पोरं लुगड्याच्या झोळीत वाढली आणि ती आठ नसून दोन आहेत, हे त्यांनी मला खुर्चीवर बसून, पाणी मागून, सावकाश सांगितलं. दुकानात आणखी दोन गिऱ्हाईकं होती, तीही ऐकत बसली.

मग त्यांनी पाळण्याच्या दांडीवरचे कोरीव पोपट बघितले. एक पोपट बाकीच्यांकडे पाठ करून बसलाय, तुला माहीतच आहे. त्या म्हणाल्या, हा तर भागीरथीचा पाळणा. तू तिचा कोण? मी नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘यामा ते तूच झोपे रे, निंबा.’

मी म्हटलं, शक्य नाही. तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. मी तान्हा असताना आईला कावीळ झाली, ती अमळनेरला दवाखान्यात, आणि मी तुझ्याकडे. एवढं मला ठाऊक होतं. तू भरदुपारी दार लावून पाळणा माळ्यावरून खाली काढायचीस, मला त्यात निजवायचीस आणि दिवेलागणीच्या आत पुन्हा वर चढवायचीस, हे ठाऊक नव्हतं. माझ्या आजीला कळलं असतं तर तिने घर डोक्यावर घेतलं असतं. मंगलाबाई मागच्या दाराने विरजण मागायला आल्या आणि त्यांनी बघितलं. तू त्यांना शपथ घातलीस. त्यांनी ती आजवर पाळली, माझ्या दुकानात दोन गिऱ्हाइकांसमोर मोडेपर्यंत. आईला बरं वाटून ती मला न्यायला आली, आणि मग तुझ्या घरी पाळणा खाली आला नाही.

मी पॉलिशचा डबा शोधायला आत गेलो. डबा बाहेरच होता. आत्या, मला फार वाईट वाटलं, आणि तुझा रागही आला. आई जाऊन इतकी वर्षं झाली, आजी तर कधीच गेली. आता घाबरायचं कोणाला होतं? निदान पाळणा पाठवताना तरी सांगायचंस.

असो. धंद्याच्या दृष्टीने बघितलं तर आता पाळण्याला कूळ आहे. यात एक पोर वाढलं आणि धडधाकट निघालं असं मी छातीठोक सांगू शकतो. पण गिऱ्हाईक पुढचा प्रश्न विचारणारच, की ते पोर सध्या काय करतं. ते पोर सध्या तुमच्यासमोर उभं आहे आणि त्याला एक पाळणा विकता येत नाहीये, हे ऐकून कोण घेईल? म्हणून पाळणा विकला गेला नाही हे तुला कळवण्यासाठी हे पत्र लिहिलं. दुसरं काही विशेष नाही. डोळ्यांना जप. उषाबाईंना नमस्कार.

तुझा भाचा,
निंबा

ता. क. एक राहिलं. नाव ठेवायला आत्या लागते. सौरभला बहीण नाही, म्हणजे आमच्याकडे ती जागा रिकामी आहे. बाहेरून कोणाला बोलावण्यापेक्षा घरात आत्या म्हणून जे एकच माणूस आहे त्याने यावं, असं मी आणि सौरभने ठरवलं आहे. दत्तू शनिवारी सकाळी पारोळ्याहून परत निघतो, ड्रायव्हरच्या मागची सीट सांगून ठेवली आहे. पुऱ्यांना आचारी लावला आहे, तेव्हा स्वयंपाकघरात तुझं काही काम नाही.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात रंजना दवाखान्यातून आली. काय लिहिलंत म्हणून तिने पत्र वाचायला घेतलं, आणि तिच्याबद्दलचं वाक्यसुद्धा वाचलं. त्याबद्दल माझं जे व्हायचं ते झालं. मग मंगलाबाईंचं वाचून ती बराच वेळ बाळाच्या दुपट्यांच्या घड्या घालत बसली. घातलेल्या घड्या मोडून पुन्हा घातल्या. शेवटी म्हणाली, म्हणजे हा आत्यांच्या मुलाचा पाळणा.

त्यानंतर तिने सौरभला दुकानात पाठवून पाळणा घरी आणायला लावला, आणि वरचा पहिला ता. क. रद्द करायला सांगितलं. खोडत नाही, कारण उषाबाईंना खोडलेलं आधी वाचायची सवय आहे. तिचं म्हणणं असं की आत्याची जागा रिकामी राहिली तर राहू दे, नाव खालच्या साडीवाल्यांची मुलगी ठेवेल. आत्या म्हणून यायचं असेल तर येऊ नका म्हणावं. पणजी म्हणून या, आणि बाळाला पाळण्यात तुम्हीच ठेवा.