हळदीत ओतलेला ग्लास

नरपड, शुक्रवार, मे २०१७

आज चुलतभावाच्या हळदीत काकांशी भांडले. वेळ आली तर पुन्हा भांडेन.

मांडवात चिंचणीचा तो फौजी दिसला आणि मी दचकलेच. भावाचा मित्र निघाला. लष्करी रुग्णालयात दारू सोडवण्यासाठी तो माझ्याकडेच उपचार घेतो. त्याने ओळख दाखवली नाही, मीही नाही. पेशंटची ओळख बाहेर दाखवायची नसते.

काकांनी त्याच्यापुढे ग्लास धरला. "घे रे!"

"नको काका."

"फौजी आणि पीत नाही? कसला रे फौजी तू!"

सगळे हसले. ग्लास तसाच त्याच्या तोंडासमोर. त्याची बोटं खुर्चीच्या कडेला आवळलेली. एक शब्द जास्त बोलले तर त्याचं गुपित फुटणार. आणि गप्प बसले तर? मग हे सगळं शिकले कशाला?

उठले, काकांच्या हातातून ग्लास घेतला आणि मांडवातल्या वाळूत ओतला. "नको म्हणाला ना तो? मग आग्रह कशाला?"

काका भडकले. "दारुड्यांना तपासतेस म्हणून आता आम्हाला शिकवणार?"

"हो, शिकवणार."

आई म्हणते, माफी माग. कशाबद्दल? नाही मागणार.

तो निघाला तेव्हा माझ्यापाशी थांबला. रुग्णालयात मॅडम म्हणतो. आज म्हणाला, "येतो, ताई."

"उद्या लग्नालाही या," मी म्हटलं, काकांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.