कोरड्या गाठीची कैफियत

रविवार, ३ नोव्हेंबर १९४६. सकाळी ७ वाजून १० मिनिटे.
याच मिनिटाला माझ्यावर अन्याय झाला. मनगटावरचं घड्याळ पाहून लिहिते आहे. नळदुर्गच्या किल्ल्याखाली, बोरी नदीच्या डोहावर, माझ्या नेहमीच्या सपाट दगडावर बसले होते. निदान अडीच शेराची मरळ गळाला लागली, एकदा उसळली आणि गेली. दोरा तुटला तो नेमका जोडावर, म्हणजे काठीचा रेशमी दोरा आणि पुढची तात जिथे बांधली आहे तिथे. तात म्हणजे रेशमाच्या किड्यातून काढलेली काचेसारखी तार. निवृत्तीच्या दिवशी इन्स्पेक्ट्रेसबाईंनी विलायती काठी दिली, तिच्याच डब्यातली ही तात. लढाईच्या काळातला माल. दोष उघड आहे.
डोहाचा मक्ता गोरोबा भोयाकडे. तो पलीकडून म्हणाला, "बाई, तात चांगली हाय. गाठ गेली. कोरडी वढली तुमी." आणि चार माणसांदेखत त्याने स्वतःच्या दोऱ्याची गाठ तोंडात घालून, थुंकीने भिजवून, ओढून दाखवली.
एकतीस वर्षं मी मुलींना आरोग्यशास्त्र शिकवलं. थुंकीने पाटी पुसणारीला बाकावर उभी करीत असे. याच गोरोबाची बायको धुरपताबाई दुसरीपर्यंत माझ्याकडे होती. ती तर बाकावरच वाढली.

सोमवार, ४ नोव्हेंबर
निश्चय. आठ दिवसांत असा जोड तयार करायचा की गोरोबाने शिकायला यावं. काठीबरोबरच्या इंग्रजी पुस्तिकेत आकृती आहे. दोन्ही टोकं एकमेकांवर पाच-पाच वेढे घेतात आणि मधल्या फटीतून उलटसुलट निघतात. कॉन्व्हेंटात सिस्टर अगाथांनी भरतकामात याहून अवघड टाके घालून घेतले होते. यात काय आहे?

गुरुवार, ७ नोव्हेंबर
आणखी एक मासा गेला. ऊन डोळ्यांवर होतं.
गोरोबा या वेळी दगडापाशी आला. टोपी काढून बोलला, हे मान्य करते. म्हणाला, "दोन मासे तोंडात गळ घिऊन हिंडत्यात. त्यास्नी खाता यिना, मरता यिना. मक्ता माझा, पाप बी माझंच." तेव्हा त्याची अट अशी: रविवारी, सतरा तारखेला, माझ्या जोडाला पाण्याने भरलेली कळशी टांगायची. शंभर म्हणेपर्यंत राहिली तर दगड माझा. नाही तर, "नुसतं बसाया या बाई. गळ नका आणू."
नुसतं बसायला मी काय म्हातारी आहे? अठ्ठावन्न पूर्ण व्हायला अजून दोन महिने आहेत.
तोवर डोहावर गेले नाही म्हणून माझा दिवस अडत नाही. घरी पुष्कळ कामं आहेत. दुपारी कपाट लावलं. चार वाजता पुन्हा लावलं.

शनिवार, ९ नोव्हेंबर
रेवणप्पा वाण्याकडून दोन शेरी आणि पाच शेरी वजनं मागून आणली. दोन शेरी राहिलं. जवळजवळ. पाच शेरी टांगताच तात निसटली.
गोरोबाचं म्हणणं धुरपताबाईकडून कळलं: बारक्याला सात वेढे, जाडाला चार. का, तर तात बारीक आणि गुळगुळीत, तिला जास्त आवळावं लागतं. मी दोघांना पाचच देणार. वर्गात कुणाला झुकतं माप दिलं नाही, दोऱ्याला कसं देऊ?

सोमवार, ११ नोव्हेंबर
पुस्तिकेत बारीक टाइपात सापडलं: ओढण्यापूर्वी गाठ ओली करावी, नाहीतर तात घासून कमजोर होते. कशाने ओली करावी ते लिहिलेलं नाही. लेखक सभ्य असणार. पाणी उकळलं, गार केलं, ड्रॉपरने गाठीवर तीन थेंब सोडले, मग स्वच्छ फडक्याने गाठ नीट टिपून घेतली आणि ओढली.
निसटली. फडकं खरखरीत असावं.

बुधवार, १३ नोव्हेंबर
पाच शेरी वजन लोणच्याच्या बरणीवर पडलं. बरणी आधीच चिरलेली होती.
रेवणप्पा दारात. "बाई, वजनं द्या की वापस. गिऱ्हाइकाला गूळ अंदाजानं देतोय मी, लोक खूश हायत आणि मी बुडतोय." उद्या देते म्हटलं. सकाळपासून घरभर फेऱ्या चालू आहेत. पायांना काय झालंय कळत नाही.

शनिवार, १६ नोव्हेंबर
सर्वोत्तम जोड तयार. टोकं भरतकामाच्या कात्रीने छाटली. संध्याकाळी धुरपताबाई दोरा न्यायला आली, कळशी आदल्या दिवशीच बांधून ठेवायची म्हणे. गाठ उजेडात धरून म्हणाली, "फुलावानी दिसती, बाई." अखेर कुणाला तरी कळलं.

रविवार, १७ नोव्हेंबर
राहिली.
बाभळीच्या फांदीला दोरा, दोऱ्याला भरलेली कळशी. गोरोबाने शंभर म्हटलं, दोनदा चुकला, दोनदा मी सुधारलं. कळशी हलली नाही. गोरोबाने गाठ निरखली, मग बायकोकडे पाहिलं, मग म्हणाला, "दगुड तुमचा." धुरपताबाई पदर तोंडाला लावून उभी होती. गुरूच्या यशाने विद्यार्थिनीला भरून येतं.
सिस्टर अगाथांची पद्धत सिद्ध झाली. गोरोबासाठी सोपं टिपण लिहिणार आहे.

सोमवार, १८ नोव्हेंबर
टिपणासाठी गाठ भिंगाखाली धरली. तातीचे वेढे सात. रेशमाचे चार. टोकं कात्रीने छाटलेली नाहीत, दातांनी तोडलेली आहेत. वास घेतला. मिश्री.
गोरोबा दातांना काही लावत नाही.
धुरपताबाईला गाठलं. ती मासे निवडत होती, हातही थांबवला नाही. "व्हय बाई, म्याच बांधली. तुमची तर कळशीचं वझं पडताच सुटली. मालकाला कालच कळलंय, त्यो बोलायचा न्हाय. तुमी डोहाव आला न्हाईत तर सकाळी मला वरडायला कोन हाय? बाकाव हुबी करा पायजे तर."
यावर लेखी कारवाईच हवी. घरी येऊन दौत-टाक काढलं.

मंगळवार, १९ नोव्हेंबर. सकाळी ६.
नोटीस तयार केली, नक्कल इथे ठेवते.

धुरपताबाई गोरोबा भोई, माजी विद्यार्थिनी, इयत्ता दुसरी, यांस. तुम्ही माझी गाठ माझ्या परवानगीशिवाय सोडून, तिच्या जागी थुंकी लावलेली दुसरी गाठ बांधलीत. याचा लेखी खुलासा स्वतःच्या अक्षरात द्यावा.

काल संध्याकाळी, केवळ तपासासाठी, एक जोड तिच्या मापाने बांधून पाहिला. दोन्ही हात गुंतलेले असल्यामुळे गाठ क्षणभर ओठांत धरावी लागली. याला थुंकणं म्हणत नाहीत. पाच शेरी वजन टांगलं. अजून टांगलेलं आहे. रेवणप्पा येऊन बघून गेला आणि वजन मागायचं विसरला.
म्हणून नोटिशीत पुढचा मजकूर वाढवला.

सातवा वेढा फटीत जाण्याआधी बोटाने दाबून धरायचा की सोडायचा, हेही खुलाशात लिहावं, माझा निसटू पाहतो. उत्तर पाटीवर चालेल. पाटी पाण्याने पुसलेली असावी. मुदत शनिवार, २३ नोव्हेंबर, सायंकाळी पाच वाजण्याच्या आत, मी दगडावर असेन तिथे. मुदतवाढ मिळणार नाही.