निरोगी माणसाची प्लेट

३ नोव्हेंबर
आले एकदाची पनवेलला! एसटी स्टँडजवळच्या लॅबमध्ये नोकरी आणि रिक्षाने थोड्या अंतरावर दमयंतीकाकींकडे भाड्याने वरची खोली. काम माझ्या आवडीचं: जुलाब-तापाच्या रुग्णांची शौचतपासणी. नमुना प्लेटवर पसरायचा, रात्रभर उबेत ठेवायचा, सकाळी कुठला जंतू उगवला ते बघायचं. लोक नाक मुरडतात, मुरडोत बापडे.

संध्याकाळी दडपे पोहे केले. ओलं खोबरं, कांदा, सगळं हातानेच कालवलं; चमच्याने चव येत नाही. काकींची चार वर्षांची नात प्रांजल उन्हाळ्यात मरणाच्या दारातून परत आलीय. आता एखादं दुखणंही तिला झेपणार नाही म्हणे. पण माझ्या हातून बशीभर जेवली. काकी म्हणाल्या, "आमी भरवला तर रडतं पोर, नि तुज्या हातचं बघ कसं गपगुमान खातंय!" मी फुशारले.

९ नोव्हेंबर
लॅबमध्येही माझा डबा सगळ्यांना हवा असतो. धनेश सर आमचे साहेब, पण पोह्यांसाठी वाटी घेऊन आधी हजर. प्रांजल आता मी आल्याशिवाय जेवतच नाही.

१९ नोव्हेंबर
सर तापाने आडवे. काउंटरवरची कुमुदही. दोघांच्या प्लेटवर मधोमध काळे असलेले ठिपके. टायफॉइड.

माझा संशय कोपऱ्यावरच्या पाणीपुरीवर. मला काहीच नाही. माझं पोट दगड पचवणारं. कॉलेजात अख्खा होस्टेलचा मजला तापाने झोपला होता, तेव्हाही मी ठणठणीत. काळजी प्रांजलची वाटते. काकींना बजावलं, बाहेरचा घास नको. तिचं खाणं मीच करीन, मीच भरवीन.

२२ नोव्हेंबर
प्लेटींचा नवा गठ्ठा आला. तो नीट आहे का ते पाहायला रुग्णांबरोबर एका निरोगी माणसाचाही नमुना लावतात. इथे निरोगी उरलंय कोण? माझाच लावला.

२३ नोव्हेंबर
निरोगी माणसाच्या प्लेटवर काळे ठिपके.

चिठ्ठ्या बदलल्या असणार. पुन्हा लावला. प्रांजलला भरवलं. आधी हात दोनदा धुतले.

२४ नोव्हेंबर
पुन्हा तेच. काही माणसं स्वतः आजारी पडत नाहीत, जंतू पोटात वागवतात आणि वाटत फिरतात. परीक्षेत लिहिलं होतं मी. पैकीच्या पैकी—

उद्या शेवटची चाचणी. काकींना आज डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. खाली गेले नाही. दाराबाहेर प्रांजल रडत होती.

२५ नोव्हेंबर
काचेवर माझे जंतू घेतले, त्यावर टायफॉइड ओळखणाऱ्या द्रावाचा थेंब टाकला. दूध फाटावं तशा गुठळ्या. मीच. होस्टेल—सर—कुमुद—

काकींचा फोन. पोर तापाने फणफणलीय, अन्नाला शिवत नाही, माझंच नाव घेतेय. मी सांगत होते, काकी, माझ्याकडे आणू नका, सरळ हॉस्पिटलात— ऐकलंच नाही. रिक्षाचा आवाज. फोन बंद.

आल्या. लॅबच्या काचेच्या दारापलीकडे उभ्या आहेत. कडेवर प्रांजल. मला पाहून हसली. आणि सवयीने तोंड उघडून—