जरीपटक्याची लेन्स

आई, तुमचे कॅमेरे आता माझ्या कपाटात आहेत आणि त्यांच्या शेजारी मी माझेही बरेच जमवले आहेत. काल त्यातली एक लेन्स काढून माझ्या नव्या डिजिटल कॅमेऱ्यावर बसवली. हल्ली त्यासाठी धातूच्या रिंगा तयार मिळतात, घरपोच येतात. डोळा लावला, अंगणातली जास्वंद समोर आली, आणि बटण दाबायचं सोडून मी नुसती बघतच राहिले. ही लेन्स जरीपटक्याची.

मी साताऱ्याहून लग्न होऊन नागपुरात आले तेव्हा सासू कशी असेल याची बरीच चित्रं मनात होती. मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवणारी आणि सुट्टीच्या दिवशी बाजारात जुने कॅमेरे शोधत फिरणारी सासू त्यात नव्हती. पावसाळ्यात काचेला बुरशी धरू नये म्हणून तुम्ही ते स्वयंपाकघरात, शेगडीच्या बाजूच्या कोरड्या फळीवर ठेवायचात. फळी पुसताना मी एकदा विचारलं, "आई, हे भंगार कुठे ठेवू?" तुमचं लाटणं थांबलं. "भंगार कोणाले म्हणतं वं? शटर अटकलं म्हणून काच मेली काय?" त्या दिवसानंतर मी तो शब्द घरात कधी वापरला नाही.

मग जरीपटक्यात, नागपुरातल्या सिंधी वस्तीत, एक सिंधी आजी भेटल्या. मुलाचं कापडाचं दुकान पुढे, घर मागे. तुम्ही जुने कॅमेरे बघता हे कळल्यावर त्यांनी ट्रंकेतून ओढणीत गुंडाळलेला, मिटून सपाट होणारा एक घडीचा कॅमेरा काढला. फाळणीत घर सोडताना त्यांच्या यजमानांनी तो कपड्यांत लपवून आणला होता. यजमान आता नव्हते, आणि त्यांनी काढलेले सगळे फोटो तिकडेच राहिले होते. विकायचा नव्हताच त्यांना. "ठीक होगा क्या?" एवढंच विचारलं. घरी आणून तुम्ही तो उघडला. लेन्समागचा घड्यांचा भाता जागोजागी फाटलेला, शटर गंजलेलं. मग लेन्स उजेडाकडे धरलीत आणि म्हणालात, "कॅमेरा गेला. पण हे पाह्य, काच कशी साफ आहे."

ह्यांनी नुकताच घेतलेला आरशाचा कॅमेरा तुम्ही मागून घेतलात. ह्यांचा चेहरा उतरला. "आई, नवा आहे गं तो!" तुम्ही म्हणालात, "नवाच पाहिजे." त्याची लेन्स काढून तोंडावरच्या झाकणाला भोक पाडलंत, पुठ्ठ्याच्या दोन नळ्या एकीत एक सरकतील अशा केल्यात, आतून काळा कागद लावलात आणि टोकाला ती लेन्स बसवलीत. मला समजावून सांगितलंत, की जुन्या कॅमेऱ्यात बघायची खिडकी वेगळी असायची. लेन्समधून कोणी बघतच नव्हतं. या नव्यात आरसा आहे, म्हणून लेन्सला दिसतं तेच थेट डोळ्याला दिसतं. "त्या माणसानं इतके फोटो काढले, पण या काचेतून त्यानंबी कधी पाह्यलं नाही," तुम्ही म्हणालात. तुमचा आवाज एकदम हळू झाला होता.

आपण पुन्हा जरीपटक्याला गेलो. दुपार आहे, दुकानात गिऱ्हाईक नाही. आजी मागच्या ओट्यावर बसल्या आहेत. मला वाटलं तुम्ही त्यांचा फोटो काढाल. तुम्ही कॅमेरा त्यांच्याच हातात दिलात, स्वतः मागे बसून नळी धरलीत आणि मला म्हणालात, "तू उभी राय वं तिथं, भिंतीपाशी." मी उभी राहते. कोणी माझ्याकडे असं रोखून बघण्याची सवय नाही, म्हणून डोक्यावरचा पदर पुढे ओढते. तुम्ही नळी हळूहळू सरकवता. आजी एकदम म्हणतात, "बस. अब साफ है."

डोळा तसाच लावलेला होता. "मैं भी ऐसे ही पल्लू खींचती थी," त्या म्हणाल्या. "मैं तो हमेशा उधर खड़ी रहती थी, बेटी. आज पहली बार इधर हूँ." त्या काचेने त्यांना नवी नवरी असताना पाहिलं होतं, आणि आता तिच्यातूनच त्या मला बघत होत्या. तुम्ही त्यांचं बोट धरून बटणावर ठेवलंत.

फोटो जरा हलला होता. तरी आजींनी तो मागून घेतला, दुकानातल्या देवाच्या तसबिरीशेजारी लावला. लेन्स मात्र परत घेतली नाही. "ट्रंक में अंधी पड़ी थी, आपके यहाँ देखेगी तो सही," म्हणाल्या. रिक्षात तुम्ही ती मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसला होतात.

तुम्ही सगळ्यांना सांगायचात, "माझ्या सुनेले लग्नाआधीपासून कॅमेऱ्याचा नाद आहे." मी कधी नाही म्हटलं नाही. तसं काही नव्हतं, आई. परक्या गावात मला करमत नव्हतं, आणि तुमच्यासोबत बाहेर पडायला आवडायचं.